कवळ्या वाटल्या, भाकरी चावते का, हे कोण विचारणार?

आमच्या भागात साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरातला कोनाडा चाचपला, तर तीन वस्तू पुष्कळदा सापडतात. तंबाखूची चंची, चष्म्याचे घर आणि प्लास्टिकची एक डबी. डबीत कवळी असते. पहिल्या दोन वस्तू दिवसातून दहा वेळा बाहेर निघतात. तिसरी निघते ती नातीच्या लग्नात, नाहीतर आधारचा फोटो काढायचा असेल तेव्हा. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण हसत हसत सांगतो. आता तिसरा प्रकार निघाला आहे. चणेही आहेत, दातही आहेत, पण दात डबीत आहेत.

माझ्या आईचीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी मोफत दंतशिबिर झाले. मांडव होता, हारतुरे होते, भाषणे होती. सकाळी तोंडाचे साचे घेतले. दुपारी तिच्या हिरड्यांवर मेणाची पट्टी ठेवली आणि सांगितले, "आजी, चावा." आईने चावले. लगेच पुढच्या नंबराला हाक गेली. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नसतील. पुढे महिन्याभराने पाहुण्यांच्या हस्ते कवळ्यांचे वाटप झाले. फोटो निघाला. यादीत आईच्या नावापुढे अंगठा उठला आणि ती "लाभार्थी" झाली.

घरी आल्यावर तिने आठ दिवस नेटाने प्रयत्न केला. बोलताना दात एकमेकांवर टकटक आपटायचे. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला की खालची कवळी मागून उचलायची. हिरडीला एका बाजूला जखम झाली. नवव्या दिवशी तिने कवळी धुऊन डबीत ठेवली आणि म्हणाली, "ह्ये दात लोकास्नी दावायला हैत बाबा, खायला न्हाईत." पुन्हा भाकरी दुधात कुस्करणे सुरू झाले. शेंगदाणे बंद, काकडी बंद, हुरड्याच्या दिवसांत नातवंडे खातात आणि ही बघत बसते.

आम्हीही समजलो की म्हातारीला सवय होत नाही. तिचाच हट्ट. गावात दुसरे कुणी काही वेगळे सांगत नव्हते. प्रत्येक घरात हेच चालले होते.

दोन मिनिटांचे माप

वर्षभराने कामानिमित्त शहरात जाणे झाले, तेव्हा आईला एका दंत महाविद्यालयात दाखवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आईला लावायला सांगितली, दोन वेळा तोंड मिटायला लावले आणि म्हणाल्या, "कवळी टाकाऊ नाही. साचा बरा आहे, दातही चांगले आहेत. चावा चुकलाय. माप घेताना आजींनी जबडा पुढे काढला आणि तो कुणी पाहिलाच नाही."

चावा चुकला म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. ते प्रत्येक गावात कळावे म्हणून हा लेख.

खरे दात असतात तोवर जबड्याने कुठे थांबायचे हे दातच ठरवतात. खालचे दात वरच्या दातांना भिडले की जबडा थांबला. सगळे दात गेले की हा थांबा जातो. मग खालचा जबडा पुढे सरकतो, बाजूला जातो आणि वर तर इतका येतो की हनुवटी नाकाला भेटायला निघते. हद्दीचे दगड उपटून टाकल्यावर बांध कुठे होता हे जो तो आपापल्या सोयीने दाखवतो, तशी गत. कवळी करणाऱ्याला ही हद्द नव्याने शोधावी लागते. त्यात दोन गोष्टी ठरवायच्या असतात. दोन जबड्यांत उंची किती ठेवायची, ही एक. आणि खालचा जबडा वरच्याखाली नेमका कुठे बसतो, ही दुसरी. दंतवैद्य याला जबड्यांचे परस्परसंबंध नोंदवणे म्हणतात. बोलीत "बाईट घेणे" किंवा "चावा घेणे".

आधी उंचीचे सांगतो. तोंड मिटून निवांत बसलेल्या माणसाचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. ओठ मिटलेले असतात, पण दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. वाचकांनी आत्ताच आपल्या तोंडात पाहावे. दात टेकतात ते घास चावताना आणि गिळताना. एरवी जबड्याच्या स्नायूंना विश्रांती असते. कवळीतही ही फट ठेवावीच लागते. ती कशी मिळवायची? डॉक्टरीणबाईंनी आईच्या नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका दिला. तिला ताठ बसवले, डोके मागे टेकू दिले नाही. ओठ ओले करा, आवंढा गिळा, आता नुसत्या बसा, असे सांगून दोन ठिपक्यांतले अंतर मोजले. मग पुन्हा मोजले. मग "म" म्हणायला लावले आणि पुन्हा मोजले. ते अंतर ठरल्यावर मेणाच्या वरच्या-खालच्या पट्ट्या, म्हणजे पुढे जिथे दात बसणार ते कठडे, एकमेकांना टेकले की अंतर त्याहून २ ते ४ मिलिमीटर कमी भरेल इतके कापले. शेवटी आईला "सासष्ट, सदुसष्ट" असे मोजायला लावले. "स" म्हणताना कठडे अगदी जवळ आले पाहिजेत, पण आपटता कामा नयेत. आपटले तर उंची जास्त झाली.

दुसरी गोष्ट जबड्याच्या जागेची. आपला खालचा जबडा कानापुढे दोन्ही बाजूंना बिजागरीसारखा अडकवलेला असतो. ती बिजागरी खोबणीत नीट बसलेली असताना जबडा जिथे येतो, तिथे चावा घ्यायचा. पण वर्षानुवर्षे बिनदातांच्या माणसाला जबडा पुढे काढून हिरडीवर हिरडी घासायची सवय लागलेली असते. "चावा" म्हटले की तो पुढेच चावतो. त्याचा त्यात दोष नाही. म्हणून बाईंनी आईला "चावा" असे म्हटलेच नाही. "जीभ उलटी करून टाळूला जितकी मागे लागेल तितकी लावा आणि तशीच ठेवून तोंड हळू मिटा," असे सांगितले. जीभ मागे गेली की जबडाही मागे येतो. हनुवटीला दोन बोटांचा नुसता आधार, ढकलणे नाही. एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले. चार वेळा एकाच जागी आले तेव्हा कुठे दोन्ही कठडे मऊ मेणाने एकमेकांना जोडून टाकले. मधे आई दमली तर थांबल्या, पाणी दिले. या सगळ्याला पाऊण तास लागला.

शिबिरात दोन मिनिटे आणि इथे पाऊण तास. फरक आहे तो एवढाच, आणि सगळा फरक तोच आहे.

जात्याचा हिशेब

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन्ही तळ्या उत्तम दगडाच्या असल्या, टाकीही ताजी लावलेली असली, पण मधला खिळा कलता असला तर पीठ पडत नाही. जाते एका बाजूला घासते, दुसऱ्या बाजूला दाणे तसेच राहतात आणि ओढणारीचा हात भरून येतो. कवळीचे हेच आहे. आपण दात पाहतो, पांढरे शुभ्र, सरळ रेषेत. खिळा कुणी पाहत नाही.

चावा चुकल्याच्या खुणा प्रत्येकाला ओळखता येतील अशा आहेत. उंची जास्त झाली तर बोलताना दात आपटतात, ओठ मिटायला ताण पडतो, संध्याकाळपर्यंत गाल आणि कानशिले दुखतात, हिरड्या जागोजाग सोलतात. उंची कमी झाली तर चेहरा आक्रसतो, हनुवटी वर येते, ओठांचे कोपरे सतत ओले राहून चिरतात आणि चावायला जोर लागत नाही. जबडा पुढे किंवा एका बाजूला धरून चावा घेतला असेल, तर तोंड नीट मिटल्यावर एकाच बाजूचे दात टेकतात आणि घास चावताना कवळी दुसऱ्या बाजूने उचलते. या खुणा दिसल्या तर "सवय होईल" असे म्हणून म्हाताऱ्याला गप्प करू नये. हिरडीला सवय होत नाही, जखम होते.

हेही समजून घेतले पाहिजे की, ही चूक पुढे सहज दुरुस्त होत नाही. जोडलेले मेणाचे कठडे आर्टिक्युलेटर नावाच्या बिजागरीच्या सांगाड्यावर चढवतात आणि तंत्रज्ञ त्या मापाने दात मांडतो. त्याने पेशंट पाहिलेलाही नसतो. माप चुकीचे गेले तर तो चुकीचे काम अगदी सुबक करून देतो. त्यानंतर मेणात बसवलेले दात एकदा तोंडात घालून पाहायचे असतात. ही शेवटची स्वस्त संधी. मेण आहे तोवर दात हलवता येतात. मेणाच्या जागी कडक गुलाबी प्लास्टिक आले की थोडेफार घासून भागते. मोठी चूक असेल तर दात पुन्हा मांडावे लागतात, नाहीतर कवळीच नवी करावी लागते. मोजणीत पहिला दगड चुकला की पुढचे सगळे गट चुकतात, हे तलाठी आणि भूमापकाला मी सांगायला नको.

कुठे काटकसर चालेल, कुठे नाही

यावर शिबिर भरवणारे म्हणतील, तुमचे बरोबर आहे, पण खेड्यातल्या माणसाला पाच-सहा खेपा परवडतात का? एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता. काहीच नसण्यापेक्षा एका दिवसात झालेली कवळी बरी.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खेपांचा त्रास खरा आहे. पण काटकसर कुठे करायची याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. काही रुग्णांच्या कवळ्या नेहमीच्या लांब पद्धतीने केल्या, काहींच्या सोप्या पद्धतीने. सोप्या पद्धतीत दुसऱ्यांदा साचा घेणे वगळले, चेहऱ्यावर कमान लावून घ्यायचे मापही वगळले. सहा महिन्यांनंतर विचारले तेव्हा दोन्हीकडचे रुग्ण सारखेच समाधानी निघाले. म्हणजे खेपा कमी करता येतात, भारी उपकरणे लागतातच असे नाही. पण लक्षात घ्या, जबड्याची उंची आणि जागा ठरवणे त्या सोप्या पद्धतीतही वगळलेले नव्हते. वगळायचे ते वगळा, पण चावा घाईने घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे उलट चालले आहे. हारतुऱ्यांना वेळ आहे, भाषणांना वेळ आहे. काट मारली जाते ती नेमकी याच पाऊण तासाला, कारण ते काम फोटोत दिसत नाही.

केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्याबरोबर कृत्रिम दात देण्याचीही तरतूद तिच्यात आहे. हेतू चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण एकाच यादीत काठी आणि कवळी आली की यंत्रणेला दोन्ही सारख्याच वाटू लागतात. काठी एका दिवसात हजार जणांना वाटता येते. कवळी ही वाटण्याची वस्तूच नव्हे. ती एकेका माणसाच्या तोंडात करून घ्यावी लागते. "किती वाटल्या" हा आकडा कवळीच्या बाबतीत निरर्थक आहे. महिन्याने किती जण ती लावून जेवतात, हा आकडा खरा. तो कोणत्याही अहवालात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसून "एका बैठकीत पक्के दात" बसवणाऱ्यांबद्दल वेगळे लिहावे लागेल. नोंदणी नसताना दंतवैद्यकाचा धंदा करणे हा कायद्याने गुन्हा आहे. जो चावा जाणकाराला पाऊण तास लागतो, तो चटईवर बसून पाच मिनिटांत कसा होतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या शिबिरात पदवीधर डॉक्टर असूनही दोनच मिनिटे मिळतात, तिथे त्या चटईवाल्याला नावे ठेवायला आपले तोंड कुठे उरते?

दोष सगळा डॉक्टरांवर टाकून मोकळे होता येणार नाही, हेही लिहिले पाहिजे. दात गेले की त्याखालचे हाड झिजत जाते. टालग्रेन या संशोधक बाईंनी पंचवीस वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणून खालची कवळी सगळ्यांनाच त्रास देते. उत्तम कवळीनेही चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच मिळतो. पहिले काही दिवस मऊ अन्न, लहान घास, दोन्ही बाजूंनी सारखे चावणे, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणे, हे पथ्य पाळावेच लागते. हाड झिजले की काही वर्षांनी आतून नवा थर द्यावा लागतो. सोलापुरी कडक भाकरी पहिल्याच दिवशी फोडायला गेलात, तर डॉक्टर काय करणार?

ग्रामसभेने विचारायचे प्रश्न

आता गावाने काय करावे? माझ्या मते मागणी मोठी नाही आणि तिला मंत्रालयात जावे लागत नाही.

सरपंच, ग्रामसेवक यांच्याकडे शिबिराचे पत्र येते. जागा, मांडव, पाणी आपण देतो. मग चार प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. एका माणसाचा चावा घ्यायला किती वेळ देणार आणि एका दिवसात किती माणसे घेणार? मेणातले दात तोंडात घालून पाहण्याची खेप आहे की थेट कवळीच हातात देणार? कवळी दिल्यावर जखमा आणि उंचसखलपणा पाहायला आठ दिवसांनी आणि महिन्याने कोण येणार? आणि कवळी बसलीच नाही तर पुन्हा करून देणार का? उत्तरे लेखी घ्यावीत. समाधानकारक नसतील तर शिबिर तपासणीपुरते ठेवावे, दात काढणे, मुलांचे दात पाहणे, तोंडातल्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांची तपासणी. तेही मोलाचे काम आहे. आपल्या तंबाखूच्या मुलखात तर फारच. कवळ्यांचा आकडा फुगवण्यासाठी म्हाताऱ्यांना रांगेत उभे करू नये.

दुसरे, खेपांचा प्रश्न गावाने सोडवावा. एकेका म्हाताऱ्याला सोबत घेऊन जाणे घराला जड जाते. पाच-सहा जणांचा गट केला, एकच वार ठरवला आणि एक जीप सांगितली, तर खर्च वाटला जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा जवळच्या दंत महाविद्यालयात कवळी विभाग आहे का, हे आशाताईंनी किंवा आरोग्यसेवकाने आधी चौकशी करून ठेवावे. चाव्याच्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्यावी. दमलेला म्हातारा संध्याकाळी जबडा कसाही मिटतो. जुनी कवळी असेल तर डॉक्टर सांगतील तितका वेळ आधीपासून काढून ठेवावी, म्हणजे दबलेली हिरडी मूळ जागी येते.

तिसरे, मोजणी आपणच करावी. गाव आरोग्य समितीने एक वही घालावी. गावात कवळी मिळालेले किती, आणि लावून जेवणारे किती. एवढे दोनच रकाने. पुढचे शिबिर भरवायला कुणी आले की ती वही समोर ठेवावी. भाषणापेक्षा ती जास्त बोलेल.

हा विषय मोठ्या प्रश्नांपुढे क्षुल्लक आहे, असे कुणी म्हणेल. कांद्याचा भाव पडलाय, विहिरींनी तळ गाठलाय आणि तुम्ही कवळीचे काय घेऊन बसलात? पण ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षे ज्वारी पिकवली, त्याला शेवटची दहा वर्षे ती दुधात भिजवून गिळावी लागते. पंगतीत बसायला लाजून तो आधी किंवा मागून एकटा जेवतो. हिरव्या भाज्या, दाणे, फळे सुटतात, अंगातली ताकद जाते आणि आपण म्हणतो, वय झाले. वय तर झालेच आहे. पण पाऊण तास कुणी दिला नाही, हेही त्यातले एक कारण आहे.

आईला नवी कवळी मिळून आता वर्ष होऊन गेले. मधे दोनदा घासून आणावी लागली. शेंगदाणे ती अजून कुटूनच खाते, खोटे कशाला सांगू. पण भाकरी तोडून खाते आणि पंगतीत बसते. जुनी कवळी मी त्याच डबीत ठेवून दिली आहे. येत्या ग्रामसभेत शिबिराचा विषय निघाला, तर ती डबी टेबलावर ठेवणार आहे. आपापल्या घरातल्या डब्या आणखी कुणी आणल्या, तर फार बरे होईल.